बत्तीस डोंगर, दोन रिमोट

‘आइस क्लायंबर’मध्ये शत्रूपेक्षा सोबतीच जास्त मारतो. दोघांनी मिळून बर्फाचा डोंगर चढायचा, हातातल्या लाकडी हातोड्यानं डोक्यावरचं छत फोडायचं आणि त्या भोकातून वरच्या मजल्यावर उडी घ्यायची, असा हा सरळसाधा खेळ. पण दोघांतला एक जण भराभर वर गेला की पडदा त्याच्यामागं वर सरकतो आणि खालचा मजला टीव्हीच्या काठाआड जातो. त्या मजल्यावर दुसरा उभा असेल तर तो गेला. त्याला पक्ष्यानं टोचलेलं नसतं, डोक्यात बर्फाचा सुळका पडलेला नसतो. तो मागं राहिला, एवढाच त्याचा गुन्हा.

सातारा-सांगलीकडच्या ज्या घरांत नव्वदच्या दशकात टीव्हीला व्हिडिओ गेम जोडला गेला, तिथं या क्षणाला एकच आरोळी उठायची: “आरं, थांब की!” वरचा थांबायचा नाही. थांबला तर आपली पाळी यायला उशीर होतो म्हणून रांगेतला तिसराच ओरडायचा.

या खेळाबद्दल चार चांगले शब्द फारसे वाचायला मिळत नाहीत. मारिओवर पुस्तकं झाली, ‘कॉन्ट्रा’चं नाव काढलं तर आज चाळिशीत आलेल्या माणसांचे अंगठे आपोआप हलायला लागतात. ‘आइस क्लायंबर’चा विषय निघाला की मात्र जाणकार दोन तक्रारी करतात. एक, यातली उडी भिकार आहे. दोन, दोघांनी खेळताना पडदा अन्याय करतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. माझं म्हणणं एवढंच, की या दोन खोडी काढून घेतल्या तर खेळात उरतं काय? वांगी.

वांग्यांकडं पुढं येऊच. आधी हा खेळ आला कुठून आणि आपल्यापर्यंत पोचला कसा, ते बघू.

निन्टेंडोनं १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे यंत्र १४,८०० येनांना बाजारात आणलं. तिथले लोक त्याला लाडानं ‘फॅमिकॉम’ म्हणू लागले; अमेरिका-युरोपात तेच यंत्र ‘एनईएस’ या नावानं विकलं गेलं. ‘आइस क्लायंबर’ त्यावर ३० जानेवारी १९८५ रोजी आला. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला त्याच वर्षी १३ सप्टेंबरला. म्हणजे मारिओनं मैदान मारण्याआधी साडेसात महिने ही बर्फातली जोडी चढायला लागली होती. उडी मारत पुढं जायच्या खेळांचे नियम अजून कुणी ठरवून दिलेले नव्हते. पुढं जायचं म्हणजे उजवीकडंच जायचं, हेही नाही. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतोनं माणसाला शिड्यांवरून वर चढवलं होतं, पण एका वेळी एकच स्थिर चित्र. इथं चित्र स्वतः वर सरकतं. खेळाचा प्रोग्रॅम लिहिणारा काझुआकी मोरिता तेव्हा नवखा होता. पुढं ‘सुपर मारिओ’ आणि ‘झेल्डा’च्या कामात त्याचा हात लागला. संगीत आकितो नाकात्सुकाचं. खेळाडूंची नावं पोपो आणि नाना, निळ्या कोटातला मुलगा आणि गुलाबी कोटातली मुलगी. आपल्याकडं कॅसेटबरोबर माहितीपुस्तिका वगैरे काही यायचं नाही, त्यामुळं आमच्या लेखी ते ‘निळा’ आणि ‘गुलाबी’ एवढेच होते, आणि गुलाबी कुणालाच नको असायचा.

हा खेळ सांगलीच्या गल्लीबोळापर्यंत पोचला तो त्याच्या लहान चणीमुळं. अख्खा ‘आइस क्लायंबर’ भरतो २४ किलोबाइट: १६ किलोबाइट सूचना आणि ८ किलोबाइट चित्रं. आज मोबाईलवर काढलेला साधा फोटो याच्या शंभरपट जागा सहज खातो. फॅमिकॉमचा प्रोसेसर एवढा मजकूर थेट वाचू शकायचा. त्याहून मोठा खेळ असेल, उदाहरणार्थ १२८ किलोबाइटचा ‘कॉन्ट्रा’, तर कॅसेटमध्येच जादा सर्किट बसवून मजकुराचे तुकडे अदलाबदल करावे लागायचे. ते खर्चिक काम. एका कॅसेटमध्ये ढीगभर खेळ कोंबून विकणाऱ्या नकलाकारांना त्यामुळं छोटे खेळ सोन्यासारखे. ‘बॅटल सिटी’ म्हणजे आपला रणगाड्यांचा खेळ, ‘एक्साइटबाइक’ची मोटारसायकल, ‘बलून फाइट’चे फुगे, हे सगळे याच २४ किलोबाइटच्या कुळातले. ‘सुपर मारिओ’सुद्धा ४० किलोबाइटमध्ये मावतो, जादा सर्किटशिवाय.

कॅसेटवर ‘९९९९९ इन १’ छापलेलं असायचं. यादी पानामागून पान खाली जायची, पण वेगवेगळे खेळ मूठभरच. बाकी सगळं तेच ते, कुठं मारिओ तिसऱ्या पातळीपासून सुरू, कुठं रणगाडे दहाव्यापासून, आणि वर नवं नाव. एवढ्या भेसळीतही ‘आइस क्लायंबर’ वारंवार भेटायचा.

अमेरिकेतल्या मुलांनी कुठले खेळ थोर मानायचे, हे तिथल्या दुकानांनी, जाहिरातींनी आणि मासिकांनी ठरवलं. आपले थोर खेळ किलोबाइटनं ठरवले. हे आपल्यापुरतंच नव्हतं. रशियात १९९२ च्या अखेरीस ‘डेंडी’ नावाची फॅमिकॉमची अशीच नक्कल आली, पोलंडमध्ये ‘पेगासस’ होता. मॉस्कोतलं पोर, वॉर्सातलं पोर आणि मिरजेतलं पोर एकमेकांना ओळखत नसताना एकाच यादीवरून खाली-वर करत होतं. याद्या करणाऱ्या समीक्षकांना हे बालपण दिसलेलंच नाही, म्हणून त्यांच्या याद्यांत ‘आइस क्लायंबर’ तळाशी असतो. तिथल्या मुलाला हा खेळ घ्यायचा तर पूर्ण किमतीची एक कॅसेट त्यासाठी खर्च करायची होती. आपल्याकडं तो फुकटात यायचा, आणि फुकटात आलेल्या गोष्टीवर माणूस जास्त प्रयोग करतो.

आपल्याकडं यंत्रांची नावं होती समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर. पोटात मात्र सगळ्यांच्या एकच भांडवल. तैवानच्या यूएमसी कंपनीनं फॅमिकॉमच्या प्रोसेसरची आणि चित्र काढणाऱ्या चिपची हुबेहूब नक्कल बाजारात आणली होती, आणि त्यातली एक जोडी खास पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेली होती. हा तपशील कोरडा वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. जपानी टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, पाल टीव्ही ५०. खेळ चित्रांच्या तालावर चालतो, त्यामुळं अशा यंत्रावर तो मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगानं चालायचा. जपानी मुलांना जी उडी पाहता पाहता निसटायची, ती पाल टीव्हीवर जरा रेंगाळायची. संगीतही तसंच संथ. पुढं कधी कंप्यूटरवर मूळ वेगानं हा खेळ लावला की आपल्याकडच्या माणसाला वाटतं, ह्यांनी काहीतरी घाई केलीय.

सांगलीत गणपती पेठ-हरभट रोडच्या बाजूला जुने टीव्ही दुरुस्त करणारी दुकानं हल्ली कमीच उरलीत. त्यातल्या एका दुकानात मी असं एक यंत्र उघडलेलं पाहिलं. गिऱ्हाइकाच्या माळ्यावर पडून होतं, म्हणूनच २०१९ च्या पुरातून वाचलेलं. तळमजल्यावरचं सगळं कृष्णेनं नेलं होतं. चार स्क्रू काढल्यावर आत जवळजवळ काहीच नाही. हिरवी पाटी, तीवर काळ्या डांबरासारखा टिकलीएवढा गोळा, त्याच्याखाली सगळी करामत. बाजूला कॅसेटचं साठ पिनांचं तोंड, आणि टीव्हीच्या अँटेनात घालायच्या वायरीसाठी पत्र्याची डबी. यंत्राचं बाकी अंग पोकळ. मोठं दिसावं म्हणून मोठं केलेलं. दुरुस्ती करणाऱ्यानं पिना स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्या. आम्ही फुंकर मारायचो. फुंकरीचा उपयोग होत नसतो. कॅसेट काढून परत बसवल्यामुळं पिना नीट टेकतात, आणि तोंडातली वाफ उलट त्या गंजवते. पण तीन फुंकरा मारल्याशिवाय खेळ सुरू झाल्याचं पुण्य लागायचं नाही.

०

आता उडी.

खेळ सुरू झाला की डोंगराच्या पायथ्याशी तुम्ही उभे. वर विटांचा मजला, त्यावर मोकळी जागा, त्यावर दुसरा मजला, असे एकूण आठ मजले. बटण दाबलं की निळा आपला हातोडा वर करून सरळ उडतो, डोक्यावरची वीट फुटते. परत उडी, शेजारची वीट. भोक अंगापुरतं झालं की त्यातून वर जायचं. इथं गोम आहे. भोकाखाली नेमकं उभं राहून सरळ उडी मारली तर तुम्ही वर जाता आणि त्याच भोकातून खाली येता. थोडं बाजूला व्हायला हवं. पण या खेळात हवेत असताना बाजूला सरकणं जवळजवळ नाहीच. मारिओ हवेत मन बदलू शकतो. निळ्याचं मन पाय जमिनीवरून सुटतानाच ठरलेलं असतं. म्हणून भोकाच्या कडेला, अर्धा पाय विटेखाली, अर्धा भोकाखाली असं उभं राहायचं, कळ किंचित तिरकी दाबायची आणि मगच उडायचं. बोटाच्या पेराएवढी चूक झाली की डोकं विटेला लागतं किंवा वरच्या कडेवर पाय टेकल्यासारखे दिसतात आणि तुम्ही विटेतून आरपार खाली येता. ही दुसरी गोष्ट सरळसरळ दोष आहे. विटेच्या टोकावर टेकलो की नाही, याचा यंत्राचा हिशोब आणि डोळ्यांचा हिशोब जुळत नाही. त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण तिरक्या उडीचा तोकडेपणा हा दोष नाही. त्यानं खेळाची अक्कल हातातून काढून डोळ्यांत नेली. कुठं उभं राहायचं हे ठरलं की निम्मं काम झालं. भोक मधोमध पाडायचं की काठाला? काठाला पाडलं तर पडद्याच्या डाव्या बाजूनं बाहेर जाऊन उजवीकडून आत येता येतं. या डोंगराला कडे नाहीत, तो गोल आहे. मधोमध पाडलं तर सील येतो, भोक बघतो, माघारी जातो आणि बर्फाचा ठोकळा ढकलत आणून तुमचं भोक बुजवून टाकतो. त्याला हातोडा मारला की धूम ठोकतो, पण थोड्या वेळानं परत हजर. अमेरिकेत या सीलच्या जागी केसाळ बर्फमाणूस घातला गेला. सीलला हातोड्यानं मारणं तिथं बरं दिसलं नसतं. आमच्या वाट्याला जपानी सीलच आला होता.

सांगलीच्या मातीला असला हिशोब नवा नाही. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांच्यामुळं ज्या गावात पोराला पट मांडायचं शिकवणं हा घरोघरचा प्रकार झाला, तिथं ‘आधी जागा, मग चाल’ हे समजावून सांगावं लागत नाही. तरी बुद्धिबळात विचार करायला वेळ असतो. इथं विचार करत बसलात तर काळा चष्मा आणि चड्डी घातलेलं पांढरं अस्वल येतं, पाय आपटतं आणि अख्खा पडदा एक मजला वर ढकलतं. आळशी माणसाला डोंगरावर जागा नाही, असा त्याचा बाणा. गेम बनवणाऱ्यांनी वेळेची मर्यादा घड्याळ लावून दाखवायच्या ऐवजी चड्डीतल्या अस्वलाच्या हाती दिली, हे मला आजही थोर वाटतं.

आणि वांगी.

आठ मजल्यांच्या वर शिखर. तिथं शत्रू नाहीत. ठरावीक सेकंदांत सरकत्या पायऱ्यांवरून चढत जायचं, वाटेत ठेवलेली भाजी गोळा करायची आणि सगळ्यांत वर घिरट्या घालणाऱ्या मोठ्या गिधाडाच्या पायाला लोंबकळायचं. गोष्ट अशी की या पक्ष्यानं भाजी पळवलीय आणि हे दोघं ती परत आणायला निघालेत. पहिल्याच डोंगरावरची भाजी म्हणजे वांगी. पुढच्या डोंगरांवर गाजर, कोबी वगैरे येतात. क्योटोतल्या एका कंपनीनं बर्फाच्या डोंगरावर वांगी का ठेवली, याचं उत्तर जपानी माणूस देईल. कृष्णाकाठच्या माणसाला हा प्रश्नच पडला नाही. वांग्यासाठी डोंगर चढून जाणं यात त्याला वेडेपणा दिसत नाही. घाटावरच्या वांग्याचं भरीत आणि भाकरी एकदा खाल्लेल्या कुणालाही दिसणार नाही. जेवायला बोलावणारी आई टीव्हीत बघून म्हणायची, “घरात तीच केलीत, खाताय का बघा.” कुणी खायचं नाही.

०

पडद्याच्या अन्यायाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण माझ्या मते खेळाचा जीव तिथं आहे.

फॅमिकॉमचं चित्र उभ्या मापानं २४० ओळींचं. दोन खेळाडू एकमेकांपासून त्याहून जास्त लांब गेले तर दोघांना एका वेळी दाखवायची सोयच नाही. चित्र लहान करून डोंगर लांबून दाखवणं त्या यंत्राच्या ताकदीबाहेरचं. मग बनवणाऱ्यांपुढं दोन वाटा होत्या. वर गेलेल्याला अडवायचं किंवा खाली राहिलेल्याला सोडून द्यायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. ‘कॉन्ट्रा’तला धबधबा आठवत असेल तर तिथंही हेच होतं, वरचा भाऊ उड्या मारत जातो आणि खालचा पाण्याबरोबर वाहून जातो. फरक इतका की ‘कॉन्ट्रा’त तो एक टप्पा आहे, इथं सगळे बत्तीस डोंगर धबधबाच.

निन्टेंडो तेव्हा मित्राला शत्रू करणारे खेळ ठरवून बनवत होती. १९८३ च्या ‘मारिओ ब्रदर्स’मध्ये दोन सख्खे भाऊ एकमेकांना धक्का देऊन खेकड्यापुढं ढकलू शकायचे. ‘आइस क्लायंबर’च्या आठच दिवस आधी आलेल्या ‘बलून फाइट’मध्ये जोडीदाराचा फुगा फोडता यायचा. पण त्या दोन्हीत मारायचं तर मारायचं ठरवावं लागतं. इथं ठरवावं लागत नाही. तुम्ही नुसतं चांगलं खेळायचं. तुमच्या चांगल्या खेळण्यानंच दुसरा मरतो. आणि मग तो म्हणतो, मुद्दाम केलंस, आणि तुम्ही म्हणता, नाही, आणि दोघंही खरं बोलत असता.

एकट्याच्या घरात, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या टीव्हीवर हा खेळ खेळणाऱ्याला याची चव लागत नाही. आपल्याकडं टीव्ही हॉलमध्ये, तो आजोबांच्या बातम्यांचा. यंत्र सुट्टीपुरतं भाड्यानं आणलेलं किंवा पाच भावंडांत एक. पिक्चर ट्यूब जाते अशी मोठ्यांची पक्की समजूत, त्यामुळं तासाभरात टीव्ही बंद करायची ताकीद. रिमोट दोन, हात दहा. मेला की रिमोट सोडायचा. अशा व्यवस्थेत वर गेलेला सोबत्याला मारतो तेव्हा तो रांगेतल्या तिसऱ्याला खेळात आणतो, आणि तिसरा आधीच कुणाच्या तरी बाजूनं झालेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी साताऱ्याला गेलं की मामाच्या घरात हे राजकारण सकाळपासून सुरू व्हायचं. मोठ्या मामेभावाबरोबर खेळणं म्हणजे त्याच्या वेगानं चढणं. धाकट्या बहिणीबरोबर खेळणं म्हणजे खाली उभं राहून तिच्यासाठी भोक पाडून देणं आणि ती वर पोचेपर्यंत सीलला झुलवत ठेवणं. त्याच खेळात दोन वेगळे खेळ होते, आणि कुठला खेळायचा हे शेजारी कोण बसलंय त्यावर ठरायचं.

वीज गेली तर मारिओत सगळं पहिल्यापासून. ‘आइस क्लायंबर’मध्ये सुरुवातीच्याच पडद्यावर कुठल्या डोंगरापासून चढायचं ते निवडता येतं, एक ते बत्तीस. नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या भारनियमनाच्या काळातल्या महाराष्ट्राला याहून सोयीचा खेळ कुणी दिला नसता. वीज आली की आकडा फिरवायचा आणि जिथं होतो तिथं. शेवटच्या डोंगरावर काय असेल या उत्सुकतेपोटी सगळ्यांनी कधी ना कधी थेट बत्तीस लावलेला असतो. काही दिसायच्या आत मेलेलाही असतो.

साताऱ्यात हा खेळ जास्त शोभायचा, असं मला तेव्हाही वाटायचं. हे गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय. समर्थ मंदिराकडून पोवई नाक्याला सायकल पायडल न मारता येते आणि परतताना ढकलत न्यावी लागते. सकाळी किल्ल्यावर फिरायला जाणारी म्हातारी माणसंसुद्धा चढाचा हिशोब जागेवरून करतात: वाटेतल्या ‘चार भिंती’पाशी दम घ्यायचा, मग किल्ल्याचा दरवाजा. आणि डोंगरावर चालताना पुढच्यानं मागच्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, ही सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येक टोळीची पहिली शिस्त. दुपारी टीव्हीसमोर तीच शिस्त मोडल्याबद्दल तीच पोरं एकमेकांची गचांडी धरायची. याच साताऱ्याची प्रियांका मोहिते पुढं खऱ्या बर्फात चढली: २०१३ मध्ये एव्हरेस्ट, मग ल्होत्से, मकालू, २०२१ मध्ये अन्नपूर्णा आणि २०२२ मध्ये कांचनजुंगा. आठ हजार मीटरच्या वरची पाच शिखरं गाठणारी ती पहिली भारतीय महिला. तिचा या खेळाशी संबंध जोडायचा माझा बिलकुल इरादा नाही. पण बर्फाचा डोंगर ही साताऱ्याच्या माणसाला परकी गोष्ट वाटत नाही, याचा पुरावा म्हणून तिचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही.

०

खेळाच्या बाजूनं बोलतोय म्हणून त्याची अंधारी बाजू लपवत नाही. शिखरांवर आणि वरच्या डोंगरांत सरकते ढग येतात. पायाखाली ढग सरकतोय, उडीत बाजूला जायची सोय नाही, आणि ढगाच्या टोकावरून आरपार पडायचा तो जुना दोष इथं पदोपदी छळतो. अर्ध्याहून वरचे डोंगर एकट्यानं खेळणं ही शिक्षा आहे. ढंगही फारसे बदलत नाहीत. खालचे मजले, वरचे मजले, तेच पक्षी, तोच सील, वारंवार. चोवीस किलोबाइटमध्ये अजून किती बसवणार, हे खरं, पण ४० किलोबाइटमध्ये ‘सुपर मारिओ’त अख्खं जग बसवलं गेलं, हेही खरं. मारिओ आल्यावर लोक या खेळाकडं वळले नाहीत, यात लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मात्र पोपो आणि नाना पूर्ण विस्मृतीतही गेले नाहीत. २००१ मध्ये मासाहिरो साकुराईच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’त ते अचानक परत आले, निन्टेंडोच्या मोठमोठ्या नायकांबरोबर मारामारीला. तिथं त्यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. खेळाडू एकालाच चालवतो आणि दुसरी आपोआप मागं-मागं येते, बरोबर मारते, वर ओढून घेते. ती मेली की उरलेला एकटा निम्म्या ताकदीचा. ज्या खेळात सोबत्याला खाली सोडून जाणं हाच नियम होता, त्याच खेळातली माणसं पुढं सोबत्याशिवाय पंगू दाखवली गेली. कुणाला तरी त्या जुन्या पडद्याची टोचणी असणार. २०१४ च्या आवृत्तीत त्यांना वगळलं, कारण हातात धरायच्या छोट्या यंत्राला दोघांचा भार पेलेना. २०१८ मध्ये ते दोघं परत आले. मूळ खेळही २०१६ मध्ये निन्टेंडोनं काढलेल्या छोट्या ‘एनईएस क्लासिक’मधल्या तीस खेळांत होता, आणि २०१८ मध्ये स्विचवर जुने खेळ देणारी सेवा सुरू झाली तेव्हा पहिल्याच यादीत.

आपल्याकडं त्याची वाट वेगळीच. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत तो एमुलेटरबरोबर पेनड्राइव्हवर फिरला. आता टीव्हीच्या मागं खोचायची बोटभर कांडी मिळते, दोन बिनवायरी रिमोटसकट, आणि तिच्या यादीत पुन्हा तेच आकडे, तोच फुगवटा. एकाच्या जागी दहा हजार खेळ, त्यात ‘आइस क्लायंबर’ कुठं तरी ‘आय’च्या पानावर. सातारा-सांगलीच्या यात्रांतून, मोबाईलच्या दुकानांतून ही कांडी आज खेळण्यांच्या शेजारी टांगलेली दिसते. विकत घेतली तर एक काम करा: वेगाची सोय असेल तर पन्नासावर ठेवा. आणि एकट्यानं खेळू नका.

मागच्या मे महिन्यात भाच्याबरोबर बसलो. तो बारा वर्षांचा, मोबाईलवर शंभर जणांच्या लढाईत शेवटपर्यंत टिकणारा. पहिल्या डोंगराच्या तिसऱ्या मजल्यावर त्यानं मला खाली सोडलं. दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा मी ओरडलो आणि त्यानं शांतपणे विचारलं, “मामा, मग तू वर का येत नाहीस?” याला उत्तर नाही. तिसऱ्यांदा मी युक्ती केली. तो हातोडा मारून भोक पाडायचा आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून त्याच भोकातून त्याच्या आधी वर जायचो. मोठ्या मामेभावानं माझ्यावर वर्षानुवर्षं केलेला हा डाव. भाचा चिडला, रिमोट आपटला, आणि लगेच परत उचलला.

डोंगर संपला की यंत्र दोन रकान्यांत हिशोब मांडतं. कुणी किती भाज्या उचलल्या, किती पक्षी पाडले, किती विटा फोडल्या, निळ्याचे वेगळे, गुलाबीचे वेगळे. शिखर मी गाठलं होतं, वांगीही बरीच माझीच. विटांचा आकडा मात्र भाच्याच्या रकान्यात माझ्या तिप्पट. त्यानं तो बोट ठेवून मला दाखवला, आईला हाक मारून तिलाही दाखवला, आणि पुढच्या डोंगरावर निळा आपल्याला हवा म्हणून सांगितलं.